जुन्या मापाचं खोगीर

दोरेकाकांनी एकतीस वर्षं खोगिरं शिवली, पण घोड्याला कधी हात लावला नाही. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत थोरल्या भावाच्या अंगावर घोडी कोसळली होती. भाऊ वाचला, पण जन्मभर पाय ओढत चालला. तेव्हापासून समोरून घोडा आला की काका रस्त्याची दुसरी कड धरत. वडिलांचा धंदा मात्र सुटला नाही. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "टोपी शिवणाऱ्याला डोकं कशाला लागतं? माप लागतं!"

माप म्हणजे जाड तार. तबेल्यातलं कुणीतरी ती घोड्याच्या पाठीवर दाबून वाकवायचं आणि दुकानात आणून द्यायचं. त्या बाकानुसार काका खोगिराच्या तळाची गादी लोकरीनं भरत. भिंतीवर अशा कितीतरी तारा टांगलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.

आणि अशा माणसाच्या पोटी मुलगी जन्मली ती घोड्यावाचून न राहणारी. एकुलती एक. गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत ती शिकवायला लागली, तशी काकांची दुपारची झोप उडाली. ती घरी येईपर्यंत डोळे घड्याळावर. काकू म्हणायच्या, "नजर लागून बंद पडेल हो ते!"

शाळेत एक बदामी रंगाची घोडी होती. इतकी गरीब, की पहिल्यांदा बसणाऱ्याला तिच्यावरच बसवत. मधे छातीच्या दुखण्यानं ती दोन महिने उभी होती. बरी झाली आणि तिचं वागणंच फिरलं. खोगीर दिसलं की कान मागे पाडायची. पोटाखालचा तंग आवळायला गेलं की मान वळवून दात दाखवायची. स्वार बसला की पाठ खाली दाबून अंग चोरायची. एके दिवशी तिनं मागचे पाय उधळून एका चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला वाळूत फेकलं.

"मास्तर म्हणतात, बसून खाऊन माजलीय," मुलगी जेवताना सांगत होती. "छडी दाखवली की सरळ येईल म्हणे."

"मग त्यांनाच बसू दे ना," काका म्हणाले.

"उद्यापासून मीच बसणार आहे, बाबा. ती अशी नव्हती हो. तिचं काहीतरी दुखतंय."

काकांचा घास तोंडात फिरायला लागला. काही बोलावं तर पोरगी ऐकायची नाही, न बोलावं तर जीव राहायचा नाही.

चौथ्या दिवशी ती भरदुपारी घरी आली. हात गळ्यात बांधलेला, गालावर वाळूचे ओरखडे. काकांनी दार उघडलं आणि तिला बघितलं. ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "हाड शाबूत आहे, बाबा. नुसता मुका मार आहे," ती सांगत होती, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना भाऊ दिसत होता.

संध्याकाळी तबेल्याच्या गाडीतून खोगीर दुकानात आलं. झटापटीत तंगाचा पट्टा तुटला होता. सोबत मास्तरांचा निरोप: परवा सकाळी मी स्वतः बुटांच्या टाचांना काटे लावून बसतो. नाही सुधारली तर घोडी काढून टाकू.

काकांनी पट्टा शिवायला घेतला. आरी घातली आणि सहज खोगीर उलटं केलं. तळाच्या दोन गाद्यांच्या मधे एक पन्हळ असते. ती घोड्याच्या कण्यावर येते, पण कण्याला कधीच टेकत नाही. टेकताच कामा नये. इथं मात्र पन्हळीचं पुढचं अस्तर झिजून गेलं होतं आणि त्यात बदामी केस रुतले होते.

दोन महिन्यांपूर्वी, घोडी आजारातून उठली तेव्हा, याच गाद्या काकांनी नव्यानं भरल्या होत्या. उठून त्यांनी खिळ्यावरची या घोडीची तार काढली आणि गादीला लावून बघितली. तंतोतंत बसली. मग चिठ्ठी वाचली. माप आजारपणाच्या आधीचं होतं.

मुलगी तेव्हा म्हणाली होती, "बाबा, ती फार वाळलीय. एकदा येऊन बघा ना." आणि ते म्हणाले होते, "माप आहे माझ्याकडे."

भरल्या पाठीचं खोगीर वाळलेल्या पाठीवर खाली बसत होतं, आणि त्यावर माणूस बसला की सगळा भार कण्यावर. त्यांनी तार दोनदा पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. बायकोला सांगायला उठले आणि परत बसले. मास्तरांना कळलं तर? मुलीला कळलं तर? गप्प बसून गादी नीट भरून दिली असती तर कुणालाच कळलं नसतं. पण घोडीची पाठ आत्ता, या घडीला दुखत होती आणि परवा मास्तर काटे लावून तिच्यावर बसणार होते.

सकाळी काका आयुष्यात पहिल्यांदा तबेल्यात शिरले. मुलगी आधीच तिथं होती; जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तिनंच बोलावलं होतं. मास्तर हाताची घडी घालून उभे.

"मास्तर," काका म्हणाले, "घोडी माजलेली नाही. चूक माझी आहे. जुन्या मापावर भरलं मी."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली. खांद्यामागे बोटं आली तशी घोडी कळवळून खाली दबली, शेपूट फटकारलं. "बघितलंत? पाठ धरलीय. या, काका, हात लावून बघा. किती खोलगट झालंय ते तुम्हालाच कळायला हवं."

काका हलले नाहीत. घोडीचा एक डोळा त्यांच्यावर रोखलेला, त्यात पांढरं दिसत होतं. मागचा एक पाय उचललेला. मुलीनं बांधल्या हातानिशी घोडीची मान धरली आणि हळू म्हणाली, "मी आहे बाबा. बाजूनं या. मागून नको."

त्यांनी हात ठेवला. कातडी गरम होती आणि खाली सगळं थरथरत होतं. पण बोटांना खड्डा लागला. बोटांची खात्री पटली.

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललं होतं म्हणायचं," मास्तर पुटपुटले. काटे लावून बसायचा बेत त्यांनी मोडला, पण काकांशी महिनाभर बोलले नाहीत.

तीन महिने बदामीवर खोगीर नव्हतं. मुलगी तिला लांब दोरीवर फिरवायची. गाजर दाखवून मान पोटापर्यंत वळवून घ्यायची, पाठ ताणली जावी म्हणून. दर पंधरवड्याला काका तार घेऊन जात आणि स्वतः माप घेत. एकदा घोडीनं दातांनी त्यांच्या शर्टाची बाहीच फाडली.

मुलगी पुन्हा स्वार झाली त्या दिवशी काका कुंपणाला पाठ करून उभे होते. टापा ऐकत होते, मधे थांबल्या की श्वास धरत होते. "बघा तरी!" मुलगी ओरडली. त्यांनी बघितलं. घोडी लांब मान करून संथ चालत होती.

तंग आवळताना मात्र ती अजूनही दात दाखवते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाठीचं दुखणं गेलं. मनातलं कधी जाईल, सांगता येत नाही, जाणारही नाही कदाचित. नवशिक्यांना तिच्यावर बसवत नाहीत. मुलगीच बसते. आणि ती तबेल्याकडे निघाली की काका अजूनही दुकानाच्या दारात येऊन उभे राहतात.