उरलेल्या गोळ्या

मिरज स्टेशनवर पोचवायला आलेले सगळे आईकडे बघत होते, आणि आई कुत्र्याकडे. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. माझी बँकेची बदली वाराणसीला झालेली, ताई, तू टोरंटोत. आईला एकटीला मागे ठेवायचं नाही, हे आपण फोनवर ठरवून टाकलं होतं. आईला विचारलंच नव्हतं म्हण ना. तिने एकच अट घातली: कारभारी येणार. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची फाटकात चौकशी करतो, म्हणून बाबांनीच त्याला हे नाव दिलेलं. त्या दिवशी मात्र घबराटीची गोळी पोटात असूनही या कारभाऱ्याचे पाय लटलटत होते.

बाबा रेल्वेत गार्ड. "मी शेवटच्या डब्यातला माणूस, मला सगळं मागे जातानाच दिसतं," असं म्हणायचे. दिवाळीत कारभारी फटाक्यांना घाबरला की त्याचे कान दोन्ही हातांनी झाकून ते परतीच्या गाडीची स्टेशनं म्हणायचे. कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, भिलवडी, नांद्रे, सांगली, मिरज. आणि शेवटी, "आलं घर." तोवर तो शांत झालेला असायचा. बाबा गेल्यावर ते म्हणणारं कोणी उरलं नाही. तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

पुण्याला गाडी बदलली. फर्स्ट क्लासचा कूपे मिळाला होता, नाहीतर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागलं असतं. खिडकीतून पाटी दिसली की आई ती कारभाऱ्याला वाचून दाखवत होती. दौंड. मनमाड. भुसावळ. मला वाटलं, बाईने जुळवून घेतलं. काही जुळवून घेतलं नव्हतं. मिरजेपासून आपण किती लांब चाललो, ते ती मोजत होती, असं तिनेच नंतर सांगितलं.

आम्ही राहतो ती गल्ली शिंदे घाटाच्या मागे. घरमालकीण माई पिढ्यान्‌पिढ्या काशीतल्या, पण घरात मराठी, म्हणून आईसाठी ही जागा घेतली. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. ही गल्ली पुढे मणिकर्णिकेला जाते. दिवसभर दारावरून तिरड्या जातात, कधी नुसत्या, कधी ढोल-बाजासकट. इथे त्याचं कोणाला काही नाही. चहावाला कप पुढे करता करता भिंतीला टेकून वाट देतो आणि पुन्हा किटली उचलतो. पण "राम नाम सत्य है" ऐकू आलं की कारभारी पलंगाखाली शिरायचा आणि फरशी ओरबाडायचा. बाबांना नेलं तेव्हा त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तेव्हाही त्याने दार असंच ओरबाडलं होतं, आठवतं?

इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी आता त्याला लागू पडत नाही, बदलावी लागेल. पण आज ही बंद आणि उद्या ती सुरू, असं चालायचं नाही. "पुरानी धीरे धीरे कम कीजिए. फिर कुछ दिन कुछ नहीं. शरीर से पूरी निकल जाए, तब नई, वो भी थोड़ी-थोड़ी करके. दोनों साथ में कभी नहीं, माताजी." मी आईला मराठीत पुन्हा सांगितलं. "कळलं गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. आणि खरंच, मी बँकेत असताना तिने एकेक पायरी नीट पाळली: पूर्ण, मग अर्धी, मग पाव, मग काहीच नाही, मग नवी. सगळं ठीक चाललं होतं.

एका दुपारी कामात असताना माईंचा फोन आला. "बेटा, जल्दी ये. तुझा कारभारी कसातरीच करून राहिलाय. आई काही बोलेना."

मी पोचले तर तो व्हरांड्यात आडवा. अंग तापलेलं, पाय सारखे थरथरत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंडातून लाळ. उभा राहायला जायचा आणि कलंडायचा. आई बाजूला बसलेली, हातात औषधांचा स्टीलचा डबा. "जुन्या चार उरल्या होत्या," ती म्हणाली. "काल दोन दिल्या, आज दोन. तूपभातातून. नवीच्या जोडीनं."

का ते नंतर विचारता आलं असतं. आधी त्याला न्यायचं होतं.

गल्लीत गाडी येत नाही, रिक्षासुद्धा बाहेर चौकात. माईंचा मुलगा विनायकदादा घाटावर पूजा सांगतो. तो नुकताच सोवळ्यात परतला होता. त्याने एकदा आईकडे बघितलं आणि तसाच सोवळ्यानिशी खाली वाकला. आम्ही कारभाऱ्याला चादरीवर घेतलं, पुढची टोकं त्याने धरली, मागची मी. आणि ताई, गल्लीने आपलं रोजचं काम केलं. चादर धरून येणारी माणसं दिसल्याबरोबर लोक भिंतीला चिकटले. चहावाल्याने किटली खाली ठेवून हात जोडले. समोरून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणायला लागलं, "राम नाम..."

"जिंदा है!" मागून आई ओरडली. "जिंदा है! हटो! जिंदा है वो!"

इथे येऊन इतके महिने झाले, पण भाजीवालीशीसुद्धा ती खुणांनी बोलायची. बाबांच्या वेळीही तिचा आवाज फुटला नव्हता. आता पदर खोचून ती आमच्या पुढे धावत होती आणि चौकापर्यंत ओरडत राहिली. माझ्या डोळ्यांपुढची गल्ली पुसट झाली होती. मी फक्त तिच्या आवाजामागून चालत राहिले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, ओली फडकी घालून अंग थंड केलं, सगळी औषधं बंद केली. दोन्ही गोळ्या मिळून फार चढल्या होत्या. वेळेत आणलंत, म्हणाले, पण आज रात्री इथेच राहू द्या. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तेव्हा मी विचारलं, "आई, का दिल्यास? टाकवल्या नाहीत म्हणून?" औषधसुद्धा वाया घालवायचं नाही अशा घरातल्या आपण, मला दुसरं काही सुचलंच नाही.

आईने डबा उघडून माझ्यापुढे धरला. तळाशी बाबांच्या गोळ्या होत्या. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, अर्ध्या अर्ध्या पट्ट्या. मिरजेहून तिने आणल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

"माणूस गेलं की गोळ्या उरतात," ती म्हणाली. "ह्यांच्या उरल्या. डब्यात ह्याच्याही उरलेल्या दिसल्या आणि मला बघवेना. वाटलं, संपल्या की बरं. संपल्या म्हणजे तो आहे."

मी तिचा हात धरला.

सकाळी कारभाऱ्याने आईला बघून शेपटीचं टोक हलवलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं की आता मध्ये काही दिवस काहीच नाही, ना जुनी ना नवी, आणि कुठलीही उरलेली गोळी घरात नको, इथे आणून द्या. आईने डबा त्यांच्या टेबलावर पालथा केला. "ये भी रख लीजिए," ती म्हणाली. "इनके हैं. अब नहीं लगेंगे." डॉक्टरांनी काही न विचारता त्या घेतल्या. घरी येऊन तिने डबा घासला आणि गच्चीवर उन्हात पालथा घातला. आता त्यात मेतकूट असतं.

ते मधले दिवस अवघड गेले. जुन्याचा आधार गेलेला, नव्याचा अजून यायचा. बाबा गेल्यापासून आपण तिघी कशात होतो, ते मला त्या कुत्र्याकडे बघून कळलं. तूही तिकडे पहिल्या हिवाळ्यात फोनवर नुसती गप्प बसायचीस.

एका सकाळी मी बँकेत निघाले होते आणि लांबून ढोल ऐकू आला. मोठी, थाटाची अंत्ययात्रा असावी. कारभारी पलंगाकडे पळाला. आई हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून आली, दारात फतकल मारून बसली, त्याला ओढून मांडीशी घेतलं आणि पिठाच्या हातांनी त्याचे कान झाकले. कराड, ती म्हणाली. शेणोली. भवानीनगर. ताकारी. बाबांच्याच चालीत. मी चपला हातात घेऊन तिथेच थांबले. भिलवडी, नांद्रे, सांगली, मिरज.

स्टेशनं संपली, पण यात्रा संपेना. ढोल अगदी दारात आलेला. तो थरथरायला लागला. आई क्षणभर थांबली, मग तिने पुढचं म्हणायला सुरुवात केली. पुणे. दौंड. मनमाड. भुसावळ. इटारसी, जबलपूर, सतना. आम्ही आलो त्या वाटेची सगळी, एकही न गाळता. आवाज घाटाकडे उतरत गेला. कारभाऱ्याने डोकं तिच्या मांडीवर टेकलं.

"बनारस," आई म्हणाली, आणि त्याच्या कानांवरचे हात काढले. "आलं घर."