वर्षाला डोकं नाही, असं मी सांगितलं

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट माहीत नाही.

आमच्या घरी पाडव्याला कडुलिंब चावतानाच संकल्प बोलून दाखवायची रीत होती. एक स्वतःसाठी, एक दुसऱ्यासाठी. बाबा रेल्वेत खलाशी. कॉलेजचं दार त्यांनी पाहिलं नव्हतं, पण बोललेला शब्द मोडणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. राज्य नवं झालं होतं, रायपुरात नवनवी ऑफिसं उघडत होती, आणि शंकर नगरातल्या एका ऑफिसात मला नोकरी लागली होती. त्या पाडव्याला मी शेजाऱ्यांसमोर बोलले — इंग्रजी बोलायला शिकेन, आणि वर्षाला बारावीपर्यंत फुकट शिकवेन.

वर्षा ही पुरानी बस्तीतल्या आमच्या शेजारच्या भाऊकाकांची मुलगी, नुकतीच अकरावीत जाणारी. काका सदर बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. "आता पोट्टीची चिंता नाही मले," ते बाबांना म्हणाले. बाबांची मान ताठ झाली — माझीही.

मग काय झालं? काहीच नाही. कंटाळा आला. इंग्रजीचा क्लास संध्याकाळी, आणि वर्षाही संध्याकाळी. क्लासनंतर ऑफिसातल्या मुली चाट खायला जायच्या. मी घरी यावं तर ही ओट्यावर बसलेली, पुस्तक मांडीवर. मला तिचा राग येऊ लागला. तिनं काय केलं होतं? रोज येत होती, एवढंच.

वेळ नाही म्हणाले असते तर? काका म्हणाले असते, राहू दे बेटा. पण मग मी शब्द मोडला असं झालं असतं. अख्ख्या मोहल्ल्यात एकटी शिकलेली मी — माझाच शब्द मोडायचा?

हिवाळ्यात काका आले. गोंदियाचं स्थळ सांगून आलं होतं. "तू शिकलेली आहेस बाई, तूच सांग. पोट्टी बारावी काढंल का? काढत असंन तं मी त्यायले नाही म्हनतो."

वर्षा दाराशी उभी होती. ती काढेल, चांगल्या मार्कांनी काढेल — हे मला माहीत होतं.

मी म्हणाले, "काका, खोटं कशाला सांगू? मेहनत करते, पण डोकं नाही तिला."

खोटं कशाला सांगू — हेही म्हणाले मी.

"दीदी, पन मी तं सगळं सोडवून राहिली न?" वर्षानं विचारलं.

"मी बाजूला बसते म्हणून."

तिनं थोडा विचार केला. "हव," म्हणाली.

वर्षाची शाळा सुटली. अठरा पूर्ण झाली आणि तिचं लग्न झालं. काकांनी माझे आभार मानले — पोरीनं खरं सांगितलं म्हणून. बाबा म्हणायचे, आमच्या मुलीनं आपल्याकडून कसर ठेवली नाही. मी ऐकून घ्यायची. इंग्रजी मात्र चांगलं आलं मला.

मागच्या वर्षी वर्षा माहेरी आली होती, तेव्हा मला भेटायला आली. सोबत दहावीतली मुलगी. ती पोर एका गणितावर अडून बसलेली. "मम्मी, ये वाला कैसे होगा?"

वर्षा हसली. "मले काहून विचारतं? दीदीले विचार. मले डोकं नाही — यायनंच तं सांगतलं होतं. नाही तं बाबा उगाच शिकवत बसले असते मले."

मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. नव्हता.

तेव्हा सांगता आलं असतं ना? आम्ही तिघीच होतो. मी वही ओढून घेतली आणि मुलीला गणित समजावू लागले. अर्ध्यावर होते, तोच वर्षाच्या तोंडून उत्तर निघालं. तिनं लगेच पदर तोंडाशी नेला.

"चुकलं असंन," ती म्हणाली.

चुकलं नव्हतं. मी पुढची ओळ लिहीत राहिले.