गुरं नसलेला वादक

तिरो फ्रान्सिसटाऊनला फ्रीज दुरुस्त करायचा आणि शनिवारी अंगभर खिळ्यांचं काळं कातडं चढवून गिटारवर मेटल, म्हणजे गडगडाटी रॉक, वाजवायचा. डोक्यावर गुराख्याची हॅट, पायात बूट, बाहेर चाळीस अंश. बाजारातल्या बाया विचारायच्या, दादा, उकडत नाही का? उकडायचं. पण कातडं काढून मेटल वाजवणं म्हणजे पायजम्यात लग्नाला जाणं, असं तो म्हणायचा.

आठ गाण्यांचा अल्बम करायला त्याला सहा वर्षं लागली. त्यात शब्द एकही नव्हता. गायक पळाला का, म्हणून लोक चिडवत. खरं तर गायक जोहान्सबर्गला पळालाच होता, पण तिरोला त्याची गरजही उरली नव्हती. चर्चमधल्या समूहगानाच्या चाली, काँगोच्या नाचाची गिटार, जॅझ, सगळं त्याने त्या गडगडाटात ओतलं. पाचवं गाणं तर मामाच्या सेगाबावर उभं होतं.

गालेबोए मामा सेरोवेपलीकडे गुरांच्या तळावर राहायचा. त्याची सेगाबा म्हणजे काठीला एकच तार, टोकाला पत्र्याचा डबा, हातात गज. तिरोने तीन दुपारी मोरुलाच्या झाडाखाली बसून त्याचं वादन टिपलं. मामा मधेच थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. गाण्याच्या तेरा मात्रांच्या चौकटीत ते काही केल्या बसेना. मग तिरोने त्याचे दोनशे तुकडे केले, संगणकावर एकेक तुकडा सरळ केला आणि मधल्या रिकाम्या जागा काढून टाकल्या. डिस्क भरत आली तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणं पुसली. काम झालं होतं. कच्चा माल कशाला ठेवायचा?

घरची रीत अशी की पहिलं काहीही हाती आलं की ते आधी मामाला दाखवायचं. पहिला पगार त्याने तसाच नेला होता. अल्बमही बाहेर देण्याआधी तळावर नेला. मधल्या हिवाळ्यात मामाचा डावा हात लुळा पडला होता. सेगाबा आता झोपडीच्या कुडाला टांगलेली होती.

मामाने हेडफोन लावून पाचवं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"हात चांगलाय," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

"मामा, तूच आहेस."

"चेष्टा करू नको. या माणसाकडे गुरं नाहीत. गुरं असलेला माणूस मधे थांबून त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकतो. हा कशासाठीच थांबत नाही."

तिरोने तुकडे आणि मात्रा समजावून सांगितल्या. मामाने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, बरं, मग मी वाजवलेलं दे, तेवढंच ऐकत बसेन. पुसल्याचं तिरोने सांगितलं तेव्हा मामा लुळ्या हाताकडे बघत राहिला. चहा झाला, पण सीडी त्याने घेतली नाही. ज्याने वाजवलंय त्याला दे, म्हणाला.

परत येऊन तिरोने तुकडे पुन्हा उघडले. कुठे थांबायचं ते त्याला साधारण आठवत होतं. किती थांबायचं ते नाही. महिनाभर तो अंदाजाने जागा सोडत राहिला. कुठे अर्धा सेकंद, कुठे तीन. मग पुन्हा तळावर गेला.

मामाने या वेळीही शेवटपर्यंत ऐकलं.

"आता थांबतोय," तो म्हणाला. "पण ऐकत नाहीये, भाच्या. वाट बघतोय."

आणि हेडफोन काढून, वायर उजव्या हाताने नीट गुंडाळून त्याने परत दिला.

अल्बम निघाला तो पहिल्याच, सरळ केलेल्या रूपात. परदेशातल्या एका मासिकाने पाचव्या गाण्यातल्या खऱ्याखुऱ्या गावरान तालाचं कौतुक केलं. बँडमधल्या ढोलकऱ्याने ते छापून तिरोच्या फ्रीजच्या दुकानात चिकटवलं. लोक तेच गाणं मागतात, आणि तिरो ते वाजवतो, तेरा मात्रांत, एकदाही न थांबता.