साहेबांची ब्लायमी आणि इस्तारीच्या मिरच्या

लोको शेडमध्ये दोन गोष्टी रोज साचायच्या, राख आणि किस्से. राख उचलायला माणूस होता. किस्से माझ्यासारख्या फिटरच्या डोक्यात पडून राहिले!

इंग्रज गेले, पण गोंदियाच्या शेडमध्ये पीटरसाहेब राहिले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, पन्नाशीचे, तोंडात कायम एकच शब्द. चहा गरम लागला, "ब्लायमी!" गार लागला, "ब्लायमी!" शेडवर तिरंगा चढला तेव्हाही टोपी काढून ते तेवढंच म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

त्यांच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन इस्तारी दवनीवाड्याचा. त्याने हा शब्द सासुरवाडीला नेला. वरणात मीठ जास्त झालं, तर जावईबापू म्हणाले, "ब्लायमी!"

सासऱ्याने विचारलं, "जवाई, हे काय बोलून राहिले?"

"रेल्वेतला रामराम होय, मामाजी."

पुढच्या हप्त्यात सासरा स्टेशनवर आला आणि इंजिनासमोर हात जोडून म्हणाला, "ब्लायमी, साहेब!" साहेबांनी खाली उतरून शेकहँड केला.

*

खरा अर्थ सांगितला आमचे हेडक्लार्क देशकरबाबूंनी. "खोटं बोलत असेन तर देवा मला आंधळं कर, अशी ती शपथ. देवाचं नाव उगाच घेऊ नये म्हणून इंग्रजांनी अर्धी गिळली. उरलं ते ब्लायमी!"

इस्तारी म्हणाला, "म्हंजे हा माणूस दिवसभर देवाले आंधळेपण मांगून राहिला? आन एखाद्या दिवशी देवानं आयकलं त?"

त्याची भीती उगाच नव्हती. नागपूरला साहेबांची डोळ्यांची तपासणी जवळ आली होती. नापास झाले की कायमचं इंजिनावरून उतरायचं! आणि अलीकडे लांबचा सिग्नल इस्तारीच ओरडून सांगायचा.

*

मागून घेतलेलं संकट उतरवायला इस्तारीला एकच उपाय ठाऊक होता, दृष्ट काढणे. लोकांकडे चूल असते, त्याच्याकडे इंजिनाची भट्टी! तपासणीच्या दिवशी नागपूरला गाडी थांबली, तशी त्याने मूठभर मिरच्या साहेबांवरून ओवाळल्या आणि भट्टीत टाकल्या. धूर उलटा आत आला.

"इस्तारी, क्या डाला?" साहेब डोळे चोळत ओरडले.

"ठसका लागला, साहेब! म्हंजे दृष्ट नोहोती!"

डॉक्टरांनी ते लालभडक डोळे पाहिले. "हे तपासायचे की धुवायचे?" म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात बोलावलं.

आम्ही पोट धरून हसलो. इस्तारी महिनाभर नीट जेवला नाही. साहेब ब्लायमी म्हणाले की हा पाठीमागून गावदेवीला पुटपुटायचा, "मातामाय, ह्याचं आयकू नोको." त्याच्याकडे पाहून पुढे आम्हालाही हसवेना.

*

दुसऱ्या खेपेला इस्तारी कोळशाच्या हातांनीच साहेबांमागे दवाखान्यात शिरला. साहेब तक्त्यावरची अक्षरं वाचू लागले. वरची ओळ झाली, मधली झाली. शेवटच्या बारीक ओळीपाशी ते थांबले. इस्तारीने स्वतःचे डोळे मिटून घेतले.

साहेबांनी डोळे बारीक करून, अडखळत तीही वाचली.

"पास," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी तोंड उघडलं, "ब्ला..."

इस्तारीने झडप घालून त्यांच्या तोंडावर पंजा दाबला. "बस झालं, साहेब! आता देव आयकून राहिला!"

साहेबांनी गोंदियापर्यंत गाडी आणली, तेव्हा गालावर पाच काळी बोटं तशीच होती. इंजिनात पाणी होतं, फडकंही होतं. त्यांनी ती पुसली नाहीत.