पाहुण्यांच्या खोलीचा हीटर

आमच्या ऑफिसात थंडी म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो गाडी चालवायचा.

मी पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. नवरा आणि मुलीसोबत इथे आखातात, अल कुसैसमध्ये राहते. आमच्या कंपनीची सोलर पॅनेल्स दूरच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये बनायची, म्हणून आठवड्यातून दोनदा तो मला तिकडे न्यायचा. पन्नाशीचा, गिलगिटच्याही वरच्या डोंगरातल्या एका गावचा. आमचं बोलणं हिंदीत चाले. त्याच्या हिंदीत उर्दू भरलेली, माझ्या हिंदीत मराठी.

एका देणगीदाराला गिलगिटकडच्या बर्फाळ गावांमधल्या घरांना सोलर हीटर बसवून द्यायचे होते. हीटर साधाच. काळा रंग दिलेल्या पत्र्याची पेटी, वर काच, मागे भिंतीला दोन भोकं. उन्हाने तापलेली हवा सोलरवर चालणारा छोटा पंखा घरात ढकलणार. पहिलं घर कुणाचं, यावर मीटिंग झाली तेव्हा मीच म्हणाले, "आपल्या ड्रायव्हरचं घेऊ या की." सगळ्यांना कल्पना फार आवडली. मलाही माझी आवडली.

त्याने घरचे फोटो मागवले आणि गाडी सिग्नलला थांबली की एकेक दाखवू लागला.

"मॅडम, हीटर चुलीच्या खोलीला लावा. थंडीत आम्ही सगळे त्याच एका खोलीत राहतो, झोपतो. आई तर तिथून हलत नाही, तिचे गुडघे धरलेत. ही रस्त्याकडची पाहुण्यांची खोली. ती हिवाळाभर बंदच. तिथे आम्ही बियाण्याचे बटाटे ठेवतो."

"पण चुलीच्या खोलीची भिंत पूर्वेला आहे," मी म्हणाले. "हीटर दक्षिणेला हवा."

"दक्षिणेला समोर डोंगर आहे. त्या भिंतीला ऊन जेमतेम दोन तास. पूर्वेकडे सकाळभर असतं."

मी लॅपटॉपवर त्या जागेचं ऊन मोजलं होतं, पण त्यात डोंगर धरलाच नव्हता. तो म्हणतोय ते बरोबर आहे हे मला तिथेच, गाडीत बसल्याबसल्या कळलं.

साहेबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, देणगीदाराची पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे, आणि पाहुण्यांच्या खोलीची भिंत रस्त्याकडे आहे, दक्षिणेलाही आहे, मग प्रश्न कुठे येतो? "आता डिझाईन ड्रायव्हर चेक करणार का?" टेबलाभोवती सगळे हसले. मीही हसले. ड्रॉइंगवर सही माझीच आहे.

पुढच्या फेरीला त्याने विचारलं. मी म्हटलं, "अप्रूव्ह झालंय. आता बदलता येत नाही."

"इन्शाल्ला, चांगलंच होईल," तो म्हणाला, आणि मला उकडत असेल असं वाटून त्याने एसी वाढवला.

बर्फ पडायच्या आत हीटर बसला. महिन्याभराने ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर त्याचा व्हिडिओ लावला. ड्रायव्हरची आई नवी शाल पांघरून पाहुण्यांच्या खोलीत बसली होती आणि भिंतीतल्या भोकासमोर हात शेकत होती. टाळ्या झाल्या. मला काचेची ट्रॉफी मिळाली. तो पँट्रीच्या दाराशी उभा राहून बघत होता. परतताना म्हणाला, "त्या दिवशी ढग होते मॅडम. पंखा बंद होता. व्हिडिओवाल्यांनी सांगितलं हात धर, तिने धरले."

बाकीचं त्याने सांगितलं ते मी विचारलं म्हणून. दिवसा दोन तास खोली तापायची. रात्री त्याच भोकांतून बर्फाळ वारा आत यायचा, कारण भोकं बंद करणारी झडप आम्ही शेवटच्या डिझाईनमधून काढली होती. दिवसाच्या उबेने बटाट्यांना अवेळी कोंब फुटले आणि रात्रीच्या गारठ्यात ते काळे पडले. पेरणीला बियाणं शेजाऱ्यांकडून मागून आणावं लागलं.

उन्हाळ्यात तो सुट्टीवर गेला. परत आला तेव्हा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलला. त्याने पेटी उतरवली होती, भोकं दगडमातीने बुजवली होती, आणि काच काढून चुलीच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी केली होती. "आता आईच्या अंथरुणावर ऊन येतं," तो म्हणाला. मग हळूच, "ऑफिसात बोलू नका मॅडम."

मी हो म्हणाले.

पुढच्या चाळीस घरांचं डिझाईन टेबलावर आलं. तीच पेटी, तीच रस्त्याकडची भिंत. मी या वेळी विरोध केला. साहेब म्हणाले, पहिल्या घरी तर उत्तम चाललंय, व्हिडिओ आहे. मला राग आला. वाटलं, खरं काय ते सांगितलं तर ऐकतील. मी बोलून गेले, "ते चालत नाही. त्यांनी ते काढून टाकलंय. नुसत्या खिडकीने घर जास्त गरम राहतंय."

मग अॅडमिनच्या बाईंनी विचारलं, "काढलं? कुणी काढलं?"

डिझाईनबद्दल कुणीच काही विचारलं नाही. देणगीदाराच्या सामानाची नासधूस अशी नोंद झाली आणि त्याची बदली झाली दूर रुवैसला, कामगारांच्या बसवर. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, "खलास, तो विषय संपला. तुझं प्रमोशन अडकेल असं काही करू नकोस." मी केलं नाही. चाळीस घरांच्या ड्रॉइंगवरही मीच सही केली.

आठवड्याने त्याला फोन केला. माफी मागायची म्हणून आठवडाभर वाक्य जुळवत होते. त्याने मला ते बोलूच दिलं नाही. मुलीची शाळा कशी चाललीय, मुसफ्फाच्या रस्त्याचं काम संपलं का, असंच विचारत राहिला. मी आईची चौकशी केली.

"बरी आहे. ऑफिसवाले येऊन काच घेऊन गेले," तो म्हणाला. "सध्या खिडकीला गोणपाट लावलंय."