जब्बारची टोपी आणि नाईकाचं पागोटं

आर्णीत एक गोष्ट बरीच वर्षं या कानातून त्या कानात फिरत होती. जब्बार तबेलेवाल्याचं बंजारा तांड्यावरच्या भुरीबाईशी सूत आहे! पुरावा विचाराल तर त्याची पांढरी टोपी. भुरीबाईच्या अंगणातल्या दोरीवर ती वाळत पडलेली तिघांनी पाहिली होती. आणि पाच वेळचा नमाजी असलेला हा माणूस दर बाजाराच्या दिवशी तबेल्याच्या दारात बोडका बसतो, हे तर अख्ख्या गावानं पाहिलं होतं. टोपी तिकडे, डोकं इकडे. याचा अर्थ लावायला आर्णीकरांना शिकवणी लावावी लागत नव्हती.

आपला यवतमाळ जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. राज्य बदललं तरी आर्णीच्या रस्त्यावर मोटारी तेवढ्याच होत्या, म्हणजे दिवसाला दोन, आणि त्यातली एक ढकलावी लागे. खेड्यापाड्यांचे लोक बाजाराला घोड्यावर यायचे. घोडा बाजारात नेला की तो मेथीच्या जुड्या चघळायचा आणि मालकाला शिव्या बसायच्या, म्हणून दिवसभरासाठी तो जब्बारकडे बांधायचा. दोन आण्यांत पाणी, कडबा आणि सावली. तबेल्यात ठाणं, म्हणजे घोडे बांधायच्या जागा, वीस. त्यांतली बारा एकट्या पूनमसिंग नाईकाच्या तांड्याची. नाईक जिथं घोडा बांधील तिथं तांडा बांधील, असा कायदाच होता. नाईक रुसला असता तर जब्बारला तबेल्यात कोंबड्या पाळाव्या लागल्या असत्या.

तर झालं असं, की जब्बारनं दसऱ्याला ठाणांच्या मधल्या फळ्या नव्या सागवानी बसवल्या आणि दिवाळीपर्यंत कोणीतरी त्या मक्याच्या कणसासारख्या खाल्ल्या. कोणता घोडा, कळेना. समोर वाहिदचं चहाचं हॉटेल होतं. वाहिद चहा पातळ करायचा आणि सल्ला घट्ट द्यायचा.

"अनामत घे ना बे," तो म्हणाला. "यवतमाळले सायकल किरायानं देते तं घड्याळ ठेवून घेते. सायकल तं फळ्या बी खात नाही."

जब्बारला पटलं. पुढच्या बाजाराला तो दारातच उभा राहिला. आधी किरकोळ गिऱ्हाइकांनी कुरकुर करून दोन-दोन रुपये ठेवले. मग नाईक आला. उंचापुरा गडी, मिशीला तेल आणि डोक्यावर बारा हातांचं लालबुंद पागोटं. ते त्याची विधवा बहीण भुरीबाई तांदळाच्या खळीत बुडवून असं कडक करायची, की डोक्यावरून काढून ठेवलं तरी आत डोकं असल्यासारखं दिसायचं.

"राम राम, जब्बारभाई."

"राम राम, नाईक. दोन रुपये ठेवा."

"कायचे?"

"अनामत. घोड्यानं फळी खाल्ली तं कापून घेईन. नाई खाल्ली तं संध्याकाळी वापस."

नाईकानं लगाम हातातच धरला. "दीडशे रुपयाचं जनावर तुह्या ठाणावर बांधून राह्यलो, अन वरून दोन रुपये तुलेच देऊ? अबे, घोडाच अनामत नाही का?"

"बात बराबर आहे," हॉटेलातून वाहिद ओरडला.

"पन फळ्या घोडाच खाते ना, नाईक! चोरालेच जामीन घेऊ का?"

"हे बी बराबर आहे," वाहिद म्हणाला, आणि हॉटेलातली बाकडीच्या बाकडी हसली.

आता नाईक दोन रुपयांसाठी चिडणारा माणूस नव्हता. पण त्याच्या घोड्याला, खंड्याला, भर रस्त्यात चोर म्हटलं गेलं आणि वर लोक हसले. त्यानं एकदा खंड्याकडे पाहिलं, एकदा हॉटेलाकडे. मग दोन्ही हातांनी पागोटं उचललं आणि जब्बारच्या हातांवर ठेवलं.

"घे. याच्याहून मोठी अनामत माह्या तांड्यात नाही. खंड्यानं फळी खाल्ली तं हे तुहं."

वाहिदच्या किटलीतला चहा कपाबाहेर गेला. तांड्याचा नाईक भर बाजारात बोडका! घरात कोणी वारल्याशिवाय हे डोकं कोणी उघडं पाहिलं नव्हतं. त्यावर टक्कल आहे ही बातमीही गावाला त्याच दिवशी लागली.

"नाईक, माफ करा, मले अनामतच नोको," जब्बार रडकुंडीला आला. "घोडा बांधा अन जा."

"आता घ्यावीच लागन," नाईक म्हणाला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि बाजारात गेला.

आता प्रश्न असा, की हे ठेवायचं कुठं? जब्बारनं ते घरात नेलं तर त्याची बायको खातूनबी दारात आडवी उभी राहिली.

"परायी इज्जत घरात नोका आनू. इथं उंदीर आहेत. काही झालं तं बारा घोडे जातीन अन माहा चुल्हा जाईन."

मग जब्बारनं डोकं चालवलं, आणि तिथंच घोटाळा झाला. परक्या घोड्यांपासून लांब, कोपऱ्यातल्या खुंटीला त्यानं पागोटं टांगलं. त्या कोपऱ्यात त्याची स्वतःची घोडी बिजली असायची. तिच्या शेजारी, मान म्हणून, नाईकाचा खंड्या बांधला. दुपारची अजान झाली तसा जब्बार मशिदीत गेला.

परत आला तेव्हा खुंटी होती. पागोटं म्हणाल तर गव्हाणीत हातभर लाल चिंधी उरली होती. खळ तांदळाची, आणि नाईकाच्या पंधरा वर्षांच्या घामाचं मीठ त्यात मुरलेलं. घोड्याच्या दृष्टीनं ती मेजवानीच होती. खंड्या उभा, बिजली उभी. जब्बारनं दोघांच्या तोंडांकडे नीट पाहिलं. मग खातूनबीला हाक मारली. तिनंही पाहिलं. तिनं बादलीभर पाणी आणून दिलं आणि जब्बारनं त्यातलं एक तोंड धुऊन काढलं.

चारच्या सुमाराला नाईक आला.

"कोनाचं काम?"

जब्बारनं बोट दाखवलं. "नाईक... तुमच्या खंड्याचं."

नाईकानं चिंधी उचलली, उलटसुलट केली. खंड्याच्या मानेवर हात ठेवला.

"असन. माह्या घोड्यानं माही इज्जत खाल्ली. पन फळी तं नाही ना खाल्ली?"

"नाई."

"मंग काढ माही अनामत."

जब्बारनं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"कुठून काढू, नाईक? ते तं पोटात गेलं!"

"जनावर माहं असन, पन राखन तुही होती ना? फळीचं नुकसान म्या भरू, अन पागोट्याचं कोन भरन?"

"बात बराबर आहे," वाहिद म्हणाला. तो आता हॉटेल सोडून तबेल्याच्या दारातच आला होता.

खातूनबी आत गेली आणि पेटीतून जब्बारच्या लग्नातला जरीचा साफा घेऊन आली. "भाईसाब, हा घ्या. आमच्या घरात याच्याहून भारी काही नाही."

नाईकानं साफा पाहिला आणि पहिल्यांदा त्याच्या मिशा हलल्या. "भाबी, हे बांधून तांड्यावर गेलो तं माही घरवाली जमनाबाई विचारन, दुसरी नवरी कुठं ठेवली? या उमरीत मार खाऊ घालता का मले?"

मग त्यानं हात लांब केला आणि जब्बारच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली.

"आता अनामत म्या घेईन. दर बाजाराले बारा घोडे आनीन, सकाळी टोपी घेईन. संध्याकाळी सारं साबूत भेटलं तं टोपी वापस. मंजूर असन तं बोल. नाही तं नदीपल्याड दुसरा तबेला आहे."

जब्बारनं आपल्या ठाणांकडे पाहिलं. बारा घोडे शेपट्या हलवत होते. खातूनबीनं मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"मंजूर," जब्बार म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं कोणाकडूनही अनामत मागितली नाही.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी टोपी नाईकाच्या खिशात, तंबाखूच्या पिशवीशेजारी. जब्बार नमाजाला रुमाल बांधायचा आणि उरलेला दिवस बोडका. एकदा नाईक परत द्यायला विसरला आणि टोपी तांड्यावर गेली. भुरीबाईला तिच्यात तंबाखूचा वास आला म्हणून तिनं ती धुऊन दोरीवर टाकली. बस, एवढं पुरलं. अनामतीची गोष्ट वाहिदला ठाऊक होती, पण तिच्यावर चहा खपत नव्हता. वाहिदनं अर्धी बातमी कपाबरोबर दिली आणि उरलेली अर्धी बशीबरोबर.

विहिरीवरच्या बायकांनी ती खातूनबीपर्यंत आणली. जब्बारच्या तर अंगाचा तिळपापड झाला.

"म्या आत्ता जातो अन साऱ्या बाजाराले खरं काय ते सांगतो!"

"बसा खाली," खातूनबी भाकरी थापता थापता म्हणाली. "बाईचा नाद म्हनते तं म्हनू द्या. बाईच्या नादानं कोनाचा तबेला बंद झाला? टोपीवरून पागोट्याचं खरं बाहेर आलं तं उद्या कोन घोडा बांधीन तुमच्याकडे?"

"अन तुले काही वाटत नाही?"

"वाटते ना. भुरीबाईले सांगा, धुतली तं धुतली, टोपीले खळ नोको देऊ."

पुढं मोटारी वाढल्या, तांड्याच्या दारापर्यंत एस.टी. गेली, नाईकानं खंड्याला म्हातारपणी घरीच ठेवलं. तबेल्यात लाकडाची वखार आली. अफवा मात्र घोड्यांपेक्षा जास्त जगली.

खरं एवढंच आहे, की जब्बार आणि भुरीबाई जन्मात एकमेकांशी बोलले नव्हते. टोपी नाईकाकडे अनामत होती. आणि सागवानी फळ्या व नाईकाचं पागोटं, दोन्ही जब्बारच्या स्वतःच्या घोडीनं, बिजलीनं, खाल्ली होती.