खाऱ्या चिवड्यातली साखर

"उपाशीपोटी दोनशे चौदा. डायबेटिस आहे तुम्हाला," डॉक्टर कागदावरची नजर न काढता म्हणाले. डायबेटिस म्हणजे रक्तातली साखर शरीराला नीट वापरता येत नाही आणि ती रक्तातच साचत जाते. आमच्याकडे याला नुसतं "शुगर" म्हणतात. मी डॉक्टरांना म्हणालो, "पुन्हा तपासा. दुसऱ्याचा कागद असंल." त्यांनी पुन्हा तपासलं. कागद माझाच होता.

मी एसटीत कंडक्टर. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. माझी ड्यूटी हिंगोली–कळमनुरी–नांदेड गाडीवर असायची. दोन महिने मला सारखी तहान लागत होती आणि सारखं लघवीला जावं लागत होतं. दर फाट्याला मी गाडीमागं पळायचो आणि आत बसलेली माणसं घड्याळं बघायची. ड्रायव्हर रहीमभाईंनीच मला दवाखान्यात पाठवलं. म्हणाले, "भाई, गाडी का रेडिएटर भी इतना पानी नहीं पीता."

घरी बायकोला, कांताला, सांगितलं. डेपोत मात्र कोणाला सांगितलं नाही आणि रहीमभाईंनाही गप्प राहायला बजावलं. शुगर आहे म्हटलं की लोक माणसाकडं अर्धा मेल्यासारखं बघतात. मला ते नको होतं.

डॉक्टरांनी सकाळची एक गोळी दिली आणि सांगितलं, "साखर बंद." आम्ही शब्द पाळणारी माणसं. त्या दिवसापासून साखर बंद केली आणि गूळ चालू केला. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, जेवण झाल्यावर गुळाचा खडा. गूळ म्हणजे काही साखर नव्हे, यावर आमच्या घरात, शेजारी आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांत एकमत होतं. चार महिन्यांनी आकडा दोनशे चौऱ्याऐंशी आला. डॉक्टर ओरडले, "गूळ खाता? कोणी सांगितलं?" मी म्हणालो, "तुमीच. तुमी साखर बंद म्हनले, गुळाचं नाव बी काढलं न्हाई." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोळ्या दोन झाल्या आणि गूळही बंद झाला.

आता खरी गंमत पुढंच आहे. तुमच्यापैकी ज्यांचं काम फिरतीचं आहे, त्यांनी हे नीट वाचावं. सकाळी गोळी घेऊन, अर्धी भाकर खाऊन निघायचं आणि दुपारचा डबा तीन वाजता उघडायचा, असा माझा दिवस. एके दिवशी कळमनुरीच्या अलीकडं तिकीट पंच करता करता माझे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. एका बाईला नांदेडचं तिकीट द्यायचं ते हिंगोलीचं दिलं, आणि ती "अहो, आमी तिकडूनच येऊन राहिलो ना!" म्हणेपर्यंत मी दोन सीटांच्या मधे पडलो होतो.

याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. गोळी आपलं काम करत असते, पोटात काही नसतं, आणि रक्तातली साखर एकदम खाली जाते. तेव्हा ताबडतोब साखरच खावी लागते, नाहीतर माणूस बेशुद्ध पडतो. मला अजून शुद्ध होती; रहीमभाईंनी गाडी थांबवून एका प्रवाशाच्या किराण्यातली साखर माझ्या तोंडात कोंबली. म्हणजे जिच्यावर चार महिने बहिष्कार टाकला, तिनंच मला उठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, "साखरेची पुडी कायम खिशात ठेवा, पण ती औषध म्हणून. खरा उपाय म्हणजे उपाशी राहू नका. दर दोन-तीन तासांनी मूठभर काही खा. गोड नको. प्रोटीन असलेलं खा." प्रोटीन म्हणजे डाळी-कडधान्यात असतं ते सत्त्व. त्यानं पोट जास्त वेळ धरतं आणि साखर एकदम चढत नाही. ते म्हणाले, "उकडलेली अंडी सगळ्यांत सोपी." मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. ते म्हणाले, "मग तुमचं तुम्ही शोधा."

डेपोत बातमी पसरायला एक दिवससुद्धा लागला नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्हाला चौकशीच्या खिडकीवर बसवतो. तीन महिन्यांत डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर कायम तिथंच." चांगलं बोलले ते, पण मला अपमान वाटला. अठरा वर्षं मी चालत्या गाडीत उभा राहून माणसांशी भांडलो होतो आणि त्यातच माझा जीव होता. खिडकीत बसून "नांदेड गाडी लागली आहे" असं आयुष्यभर म्हणत राहायचं, या विचारानं मला रडू आलं. रडलो. आणि मग राग आला, तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागलो. स्टँडवर काय मिळतं ते बघा. चहा आधीच साखर घालून उकळलेला. बिस्किटं गोड, आणि "खारी" म्हणून घ्यावीत तर तीही जिभेला गोडसर लागायची. मग मी कॅन्टीनमधला चिवडा धरला. तिखट लागतो म्हणजे आपला आहे, असं माझं डोकं. आठ दिवस खाल्ला. नवव्या दिवशी आत डोकावलो, तर आचारी परातीतल्या चिवड्यावर मुठीमुठीनं पिठीसाखर भुरभुरवत होता.

"हे काय करून राहिला?" मी ओरडलो.

"साखर घालून राहिलो. दुसरं काय?"

"खाऱ्या चिवड्यात साखर काहून घालतो बाबा?"

"साखरेबिगर चिवड्याला चव येत न्हाई, भाऊ. तुमीच तं आठ दिवस मस्त हाय, मस्त हाय करत होते."

मी त्याला काय नाही ते बोललो. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण त्या दिवसापासून शेव, फरसाण, भाजलेला पापड, जे समोर येईल त्याच्याबद्दल मी बेशरमपणे विचारायला लागलो: यात साखर आहे का, गूळ आहे का, कोणी घातला, किती घातला. लोक वैतागले. वैतागू द्या. तुम्हीही विचारा. तिखट लागतं म्हणून त्यात साखर नाही, असं कधीही समजू नका.

साधे फुटाणे तेवढे निर्दोष निघाले. पण महिनाभर तेच ते खाऊन फुटाणा दिसला की माझ्या दाढा दुखायच्या. एके दिवशी कांता म्हणाली, "ते डॉक्टर प्रोटीन प्रोटीन करून राहिलेत, अन् आपल्या घरात माळवदाखाली शेतातल्या सोयाबीनची चार पोती पडलीत. रेडिओवर रोज सांगतात, त्यात लई प्रोटीन हाय म्हनून."

मी हसलो. त्या वेळी आमच्या भागात लोक सोयाबीन जिकडंतिकडं पेरायला लागले होते, पण ते खायचं पीक आहे असं कोणी मानत नव्हतं. शेतातून पोत्यात, पोत्यातून मोंढ्याच्या बाजारात, आणि तिथून तेलाच्या कारखान्यात. घरच्या चुलीवर ते कोणी चढवलं नव्हतं. कांतानं चढवलं. हरभऱ्यासारखे नुसते भाजून दिले तर दाणे दगडासारखे झाले, आणि त्यांना कच्चट वास. तरी हट्टानं मूठभर खाल्ले. दुपारपर्यंत पोटात असा गडगडाट सुरू झाला की चौकशीच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस वर आभाळाकडं बघायला लागला.

कांता मागं हटली नाही. दाणे रात्रभर भिजत घालून, सकाळी चोळून सालं काढली. मग हळद-मीठ घालून अर्धवट शिजवले, फडक्यावर सुकवले आणि कढईत तापलेल्या खड्यामिठात मंद आचेवर हलवत राहिली. पहिल्या दिवशी जळाले, दुसऱ्या दिवशी ओले राहिले. पाचव्या दिवशी दाणा दाताखाली कुर्रकन मोडला. वरून लसूण-तिखट. मी म्हणालो, "ह्यात काय घातलं?" ती म्हणाली, "साखर सोडून सगळं."

सकाळी नऊ, बारा, तीन: मूठभर, जास्त नाही. सोबत कधी फुटाणे, कधी मोड आलेली उकडलेली मटकी. डॉक्टरांना विचारून केलं, तुम्हीही विचारून करा. साहेबांची तीन महिन्यांची मुदत भरत आली तेव्हा नांदेडला तपासणीच्या बाकावर दोन तास बसून होतो. उपाशीपोटी एकशे अठरा. गोळी पुन्हा एकावर आली. दाखला मी साहेबांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवला.

गाडीवर परतलो त्याच दिवशी एक म्हातारबाबा पेढ्यांचा डबा घेऊन चढले. नातू झाला होता. सगळ्या गाडीला वाटत वाटत, प्रत्येकाबरोबर स्वतःही तुकडा तोंडात टाकत, ते माझ्यापाशी आले. लेकराच्या पेढ्याला नाही म्हणणं आमच्याकडं अशुभ धरतात. पूर्वी मी मुकाट्यानं घेतला असता. त्या दिवशी भरल्या गाडीत मोठ्यानं म्हणालो, "बाबा, तुमच्या नातवाला लई आयुष्य लाभो. पण मला शुगर हाय. मी खानार न्हाई."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "मला बी हाय, लेका. दोन वर्षं झाली. घरी कोनाला सांगितलं न्हाई. तुला कशी हिंमत झाली रं?"

मी खिशातली सोयाबीनची पुडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या शेजारी बसलो. अठरा वर्षांत प्रवाशाच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो होतो. मागून कोणीतरी तिकीट मागत होतं. म्हणालो, "थांबा जरा, हितं काम चालू हाय."